युद्धानंतरची वैद्यकशाळा



युद्ध संपल्यावर देशाला पहिली टंचाई कशाची भासते, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण धान्याचे नाव घेतील, आणि ते चुकीचे नाही. परंतु धान्याची टंचाई एकदोन हंगामांत भरून काढता येते. परदेशांतून गहू येतो, बियाणे येते, पाऊस बरा झाला की खळे पुन्हा भरते. डॉक्टरची गोष्ट तशी नाही. आज आपल्याकडे बारावी झालेल्या मुलाला नुसते एम.बी.बी.एस. होण्यास साडेपाच वर्षे लागतात, आणि त्याने दुसऱ्याला शिकवावे इतके तयार होण्यास आणखी चारपाच. म्हणजे ज्या देशाचे वैद्यकशिक्षक युद्धात मारले गेले किंवा परागंदा झाले, त्या देशाने शांततेच्या पहिल्या दिवशी काम हाती घेतले तरी त्याला दहा वर्षे वाट पाहणे आले. आजारी माणूस दहा दिवसही थांबत नाही.

ही कल्पनेतली अडचण नव्हे. कंबोडिया देशात १९७५ ते १९७९ या चार वर्षांत ख्मेर रूज पक्षाची राजवट होती. शिकलेला माणूस तेवढा शत्रू, असा त्या राजवटीचा हिशेब. ती कोसळली तेव्हा देशातल्या पाचशेच्या आसपास डॉक्टरांपैकी पन्नासही उरले नव्हते. राजधानी नॉमपेन्ह येथील वैद्यक महाविद्यालय बंद पडलेले. उरलेल्या मूठभर डॉक्टरांनी आणि शेजारच्या व्हिएतनाममधून आलेल्या शिक्षकांनी ते पुन्हा उघडले. अशा वेळी काय शिकवावे? साडेपाच वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम चालवावा आणि तोपर्यंत लोकांना मरू द्यावे? की वर्षा-दोन वर्षांत जुजबी शिकवून मुले खेड्यांत धाडावीत, आणि त्यांच्या हातून होणाऱ्या चुका पदरात घ्याव्यात? आज आम्ही याच प्रश्नाविषयी बोलणार आहोत.

बार्शीटाकळीत हा प्रश्न कशासाठी, असे कोणाच्या मनात येईल. आपल्या हेमाडपंती देवळाच्या गावावर कोणी बाँब टाकलेले नाहीत. परंतु रात्री-अपरात्री रोग्याला गाडीत घालून अकोल्याच्या सर्वोपचारला न्यावे लागते, हे येथे बसलेल्या कोणाला नवीन नाही. डॉक्टर थोडे आणि रोगी पुष्कळ, हे गणित युद्धाने पोळलेल्या देशाचे आणि आपल्या तालुक्याचे एकाच जातीचे आहे, फरक प्रमाणाचा. आणि दुसरे कारण असे की, या गणिताचे एक उत्तर युद्धाच्या ऐन धामधुमीत ज्यांनी शोधून दाखवले, त्यांत एक मराठी तरुण होता. त्याच्या शौर्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. व्ही. शांतारामांनी १९४६ साली त्याच्यावर चित्रपट काढला, त्यामुळे नाव घरोघर गेले. पण त्याने तेथे शिकवले काय आणि कसे, इकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१० चा. शिक्षण मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यक महाविद्यालयात. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठी स्वारी केली. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. सुभाषबाबू त्या वेळी, म्हणजे १९३८ साली, काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशापुढे हात पसरला, बावीस हजार रुपये जमले, आणि पाच डॉक्टरांचे पथक सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोटीने निघाले. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल. दुसरे आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर, वयाने पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ, तरी निघाले. बंगालचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सर्वांत तरुणांपैकी एक असे आपले कोटणीस. चीनमध्ये या पाचांनी आपापल्या नावाला ‘हुआ’ हे अक्षर जोडून चिनी नावे घेतली. ‘हुआ’ म्हणजे चीन. कोटणीसांचे नाव झाले ‘के दीहुआ’. पुढे एकेक करून चौघे परत आले. कोटणीस आले नाहीत. चीनमध्ये असतानाच वडील वारल्याची बातमी त्यांना कळली, तरीही ते परतले नाहीत.

आता ज्या भागात ते गेले तेथील परिस्थिती पाहू. उत्तर चीनचा हबेई प्रांत आणि त्याच्या पश्चिमेचे डोंगर. रेल्वे आणि शहरे जपान्यांच्या हाती, डोंगरातली खेडी गनिमी सैन्याच्या हाती. आपल्याला शिवकाळाचा इतिहास माहीत असल्याने हे चित्र डोळ्यांपुढे आणणे अवघड नाही. या डोंगरांत कोटणीसांच्या आधी एक कॅनेडियन शल्यवैद्य येऊन गेले होते, डॉ. नॉर्मन बेथ्यून. त्यांनी १९३८ च्या सप्टेंबरात एका खेड्यात मोठ्या हौसेने नमुनेदार रुग्णालय थाटले. शस्त्रक्रियेची खोली, रोग्यांच्या खोल्या, सारे व्यवस्थित. थोड्याच दिवसांत जपानी फौज आली आणि तिने ते जाळून टाकले.

बेथ्यून यांनी यातून जो बोध घेतला तो आमच्या मते आजच्या विषयाचा गाभा आहे. दुसरी इमारत बांधण्याच्या नादी ते लागले नाहीत. त्यांनी ठरवले की, रुग्णालय खेचराच्या पाठीवर मावले पाहिजे आणि वैद्यकशाळा माणसांच्या डोक्यात मावली पाहिजे. गाढवाच्या दोन्ही अंगांनी शेणखताच्या टोपल्या लोंबकळतात, त्या पाहून त्यांनी औषधांचे आणि हत्यारांचे एक खोगीर बनवून घेतले. ते उघडले की शस्त्रक्रियेचे टेबल तयार. खेड्यातले सुतार-लोहार हत्यारे आणि मोडलेल्या हाडाला बांधायच्या फळ्या करू लागले. आणि या सर्वांपेक्षा महत्त्वाचे म्हणजे त्यांनी शिकवण्यासाठी साध्या भाषेत लहान लहान पुस्तिका लिहिल्या. सप्टेंबर १९३९ मध्ये तांग परगण्यातील एका खेड्यात सैन्याची वैद्यकशाळा सुरू झाली. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनून नोव्हेंबर १९३९ मध्ये बेथ्यून वारले. त्या शाळेला पुढे त्यांचेच नाव दिले गेले.

कोटणीस १९४० मध्ये या भागात पोहोचले. त्याच वर्षीच्या मोठ्या लढाईत त्यांनी बहात्तर तास सलग शस्त्रक्रिया केल्याची हकिकत सांगतात, आणि तीच सर्वत्र सांगितली जाते. आम्हांला त्यापुढची दोन वर्षे अधिक मोलाची वाटतात. ते बेथ्यून शाळेत शिकवू लागले आणि जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. शाळा आणि रुग्णालय यांचे हातात हात. सकाळी ज्या जखमेविषयी शिकवले ती जखम दुपारी समोर. शत्रू आला की विद्यार्थी, शिक्षक आणि रोगी, सारी शाळाच डोंगरात पुढे सरकायची.

विद्यार्थी कोण होते? बहुतेक शेतकऱ्यांची मुले. इंग्रजीचा गंध नाही. कोटणीस तर मुंबईला इंग्रजीतून शिकलेले. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. दुभाष्या ठेवून इंग्रजीत बोलावे, हा सोपा मार्ग. परदेशातून आलेले पुष्कळ लोक तेच करीत. कोटणीसांनी तिशीच्या वयात चिनी भाषा शिकायला घेतली. ती त्यांनी इतकी आत्मसात केली की, त्या भाषेत व्याख्याने दिली, आणि शेवटी पाठ्यपुस्तके लिहिली. शल्यशास्त्राच्या सर्वसामान्य तत्त्वांवरचा एक ग्रंथ पुरा झाला. निरनिराळ्या अवयवांच्या शस्त्रक्रियांवरील दुसरा त्यांनी लिहायला घेतला. तो अर्धवट असतानाच अपस्माराच्या झटक्याने ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. वय अवघे बत्तीस. मागे पत्नी क्वो चिंगलान, ज्या त्याच शाळेत परिचर्या शिकवीत, आणि चार महिन्यांचा मुलगा. मुलाचे नाव यिन्हुआ, म्हणजे हिंदुस्थान आणि चीन. हा मुलगाही मोठेपणी वैद्यकाचे शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये वारला. सोलापुरात कोटणीसांच्या घराचे आता स्मारक झाले आहे. ज्यांना जमेल त्यांनी ते अवश्य पाहावे.

एका माणसाच्या थोरवीने शाळा चालत नाही, हे खरे. परंतु बेथ्यून गेले, कोटणीस गेले, आणि शाळा चालूच राहिली. युद्ध संपल्यावर ती डोंगर उतरून शहरांत आली, फिरत फिरत १९५४ मध्ये ईशान्येकडील चांगचुन शहरी स्थिरावली, पुढे वैद्यक विद्यापीठ झाली आणि २००० मध्ये जिलीन विद्यापीठात सामील झाली. गावच्या झोपड्यांत जन्मलेली शाळा शेवटी विद्यापीठ झाली, ही गोष्ट ज्यांना ‘जुजबी शिक्षण’ म्हटले की कपाळाला आठ्या पडतात त्यांनी ध्यानात घ्यावी.

त्याच वेळी त्याच देशात एक दुसरी वैद्यकशाळा होती आणि तिची कथा शेजारी ठेवल्याशिवाय न्याय होणार नाही. पेकिंगमध्ये अमेरिकेच्या रॉकफेलर निधीने एक भव्य महाविद्यालय उभारले होते, पेकिंग युनियन वैद्यक महाविद्यालय. हिरव्या कौलांच्या प्रासादतुल्य इमारती, जगातले नामांकित प्राध्यापक, शिक्षण सारे इंग्रजीत, आणि वर्षाला निवडक पंचवीस-तीस विद्यार्थी. वीस वर्षांत तेथून तीनशेच्या आसपास डॉक्टर बाहेर पडले. चाळीस कोटींच्या देशाला तीनशे! डिसेंबर १९४१ मध्ये जपान-अमेरिका युद्ध पेटले आणि जपानी शिपायांनी महाविद्यालय ताब्यात घेतले. इमारतीची वीटही हलली नाही, पण शाळा बंद. तिची परिचारिकांची शाळा मात्र शिक्षिका आणि विद्यार्थिनी यांच्यासह दूर पश्चिमेला चेंगटू येथे गेली आणि १९४३ मध्ये तेथे पुन्हा सुरू झाली. वास्तू पेकिंगला राहिली, शाळा चेंगटूला गेली.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल की, मग मोठी महाविद्यालये निरुपयोगीच. तसे अजिबात नाही. या पेकिंगच्या महाविद्यालयात जॉन ग्रँट नावाचे प्राध्यापक होते. हेही कॅनेडियनच, हा योगायोग पाहा. सार्वजनिक आरोग्य हा त्यांचा विषय. त्यांचे एक विद्यार्थी डॉ. सी. सी. चेन यांनी १९३२ पासून तिंग परगण्यात खेड्यातल्याच शेतकऱ्यांना थोडे थोडे शिकवून आरोग्याचे काम सोपवण्याचा प्रयोग केला. देवी टोचणे, जन्ममृत्यूची नोंद ठेवणे, विहीर स्वच्छ राखणे, लहानसहान दुखण्यांवर उपचार करणे. आणि न जमेल तो रोगी वरच्या दवाखान्यात पाठवणे. तिंग परगणा म्हणजे कोटणीस जेथे शिकवत होते त्या तांग परगण्याचा सख्खा शेजारी. एका बाजूला प्रासादातून निघालेला विचार, दुसऱ्या बाजूला डोंगरातली गरज. दोन्ही जवळपास एकाच ठिकाणी येऊन पोहोचले.

आणि हे ग्रँटसाहेब पुढे कोठे गेले? १९३९ मध्ये ते कलकत्त्याला आले, अखिल भारतीय आरोग्यविज्ञान संस्थेचे संचालक झाले, आणि आपल्या देशाच्या आरोग्याची घडी बसवण्यासाठी १९४३ मध्ये सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली गेली तिचे सभासद झाले. म्हणजे सोलापूरचा डॉक्टर चीनला गेला आणि चीनचा अनुभव घेतलेला प्राध्यापक हिंदुस्थानात आला. या दोन वाटा कधी एकमेकींना भेटल्या नाहीत. भेटल्या असत्या तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनात वारंवार येतो.

भोर समितीचा अहवाल १९४६ चा. महायुद्ध नुकतेच संपलेले, बंगालच्या दुष्काळाने लाखो माणसे खाल्लेली, आणि वर्षभरात फाळणी व्हायची होती. युद्धातून बाहेर पडणारा देश म्हणायचा तर आपलाच. त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात डॉक्टर होते साडेसत्तेचाळीस हजारांच्या आसपास. सुमारे त्रेसष्टशे लोकसंख्येला एक. यांतले पदवीधर अठरा हजारही नव्हते. उरलेले जवळजवळ तीस हजार होते लायसेन्शिएट, ज्यांना आपले वडीलधारे ‘एलेमपी डॉक्टर’ म्हणत. आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडसाठी असे डॉक्टर नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमध्ये १९१४ पासून तयार होत. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ज्या तालुक्याच्या डॉक्टरांची नावे आहेत, ते बहुतेक एलेमपी.

भोर समितीने सांगितले की, यापुढे डॉक्टर एकाच प्रकारचा असावा. पूर्ण पदवीधर, ज्याला त्यांनी ‘मूलभूत डॉक्टर’ म्हटले. आणि लायसेन्शिएटांच्या शाळा एकतर महाविद्यालये व्हाव्यात किंवा बंद व्हाव्यात. समितीतल्या काही सभासदांचे मत वेगळे होते, पण बहुमताचे चालले. रॉबर्टसन शाळेचे १९४७ मध्ये नागपूर वैद्यक महाविद्यालय झाले. ते झाले हे उत्तमच झाले. त्या महाविद्यालयाने विदर्भाला किती डॉक्टर दिले, ते वेगळे सांगायला नको.

समितीने हा निर्णय अविचाराने घेतला, असे आम्ही म्हणणार नाही. एलेमपी डॉक्टरांना सरकारी नोकरीत दुय्यम वागणूक मिळे, पगार कमी, वर चढण्याची वाट जवळजवळ बंद. त्यांच्या स्वतःच्या संघटनेचीच मागणी होती की हा भेद नाहीसा करा. शहराला पुरा डॉक्टर आणि खेड्याला अर्धा, हे स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाला शोभणारे नव्हते. समितीचा हेतू खेडुताला खालच्या प्रतीचे काही देऊ नये असाच होता. मात्र पदवीधर डॉक्टर खेड्यात जाऊन राहील, हे जे त्यांनी गृहीत धरले ते घडले नाही. एक पायरी काढून टाकली आणि वरची पायरी खेड्यापर्यंत पोहोचलीच नाही. मधली जागा कोणी भरली, हे आपण रोज पाहतो. कंपाऊंडर म्हणून काही वर्षे काढलेला माणूस सुई लावू लागला, आणि त्याच्याकडे रांग लागली. त्याला दोष देणे सोपे आहे. रांगेतल्या लोकांना विचारले तर ते सांगतील की तो निदान रात्री दार उघडतो.

चीनने नेमके उलट केले. १९४९ नंतर त्यांनी मोठी महाविद्यालयेही ठेवली आणि तीन वर्षांच्या माध्यमिक वैद्यकशाळाही. १९६५ मध्ये माओने वैद्यकाचा भर खेड्यांवर द्या असा आदेश काढला, आणि काही महिन्यांचे शिक्षण घेतलेले ‘अनवाणी डॉक्टर’ लाखांनी तयार झाले. इकडच्या पुष्कळ लोकांना याचे फार कौतुक. कौतुक वाजवी आहे; पण अर्धेच सांगितले जाते. सांस्कृतिक क्रांतीच्या त्याच काळात वैद्यक महाविद्यालयांतील नवे प्रवेश कित्येक वर्षे बंद होते. प्राध्यापकांना शेतात राबायला पाठवले. पेकिंगचे ते महाविद्यालय १९७९ मध्ये पुन्हा उघडावे लागले. शिकवणाऱ्यांची एक अख्खी पिढी मध्येच खंडली, आणि ती तूट भरून काढायला त्या देशाला पुन्हा वर्षे लागली. आपण खालची पायरी तोडली, त्यांनी काही काळ वरची तोडली. शिडी दोघांचीही मोडली.

मग ज्याने दोन्ही पायऱ्या ठेवल्या असा कोणी आहे का? आफ्रिकेतील मोझांबिक देशाचे उदाहरण आम्हांला बोलके वाटते. गोव्याप्रमाणेच तोही पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. १९७५ मध्ये स्वतंत्र झाला आणि बहुतेक पोर्तुगीज डॉक्टर चंबूगबाळे आवरून निघून गेले. पाठोपाठ यादवी युद्ध सुरू झाले, ते १९९२ पर्यंत चालले. अडलेल्या बाळंतिणीचे पोट फाडून मूल काढायला जिल्ह्याच्या दवाखान्यात कोणी नव्हते. १९८४ मध्ये, म्हणजे ऐन युद्धात, त्यांनी अनुभवी आरोग्यसेवकांसाठी तीन वर्षांचा शस्त्रक्रियेचा अभ्यासक्रम काढला. ठरावीकच शस्त्रक्रिया, पण त्या नीट शिकायच्या. दोन वर्षे राजधानीत, एक वर्ष प्रांताच्या रुग्णालयात, शल्यवैद्याच्या देखरेखीखाली. वैद्यक महाविद्यालयही चालूच होते. पुढे झालेल्या एका पाहणीत असे आढळले की, जिल्ह्याच्या दवाखान्यात नेमलेले हे शस्त्रक्रियासेवक सात वर्षांनी दहापैकी नऊ तेथेच टिकून होते. त्याच ठिकाणी नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता.

आपल्याकडेही असा यत्न झालेला आहे. छत्तीसगड हे नवे राज्य झाल्यावर त्यांनी २००१ मध्ये तीन वर्षांचा वैद्यक अभ्यासक्रम काढला. डॉक्टरांच्या संघटना विरोधात उभ्या राहिल्या, प्रकरणे न्यायालयात गेली, काही वर्षांत तो बंद पडला. जी मुले शिकून बाहेर पडली त्यांना ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणून नेमले. पुढे त्यांची तपासणी झाली तेव्हा नेहमीच्या आजारांत त्यांचे ज्ञान दवाखान्यातल्या एम.बी.बी.एस. डॉक्टरांच्या तोडीचे निघाले. तोवर अभ्यासक्रम बंद झालेला होता.

आता आम्ही आपल्या घरी येतो. १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यक महाविद्यालय काढले. तेथे प्रत्येक नवी तुकडी एक खेडे दत्तक घेते आणि विद्यार्थी काही दिवस त्या खेड्यात मुक्काम करतात. अकोल्याचे शासकीय महाविद्यालय २००२ चे. अंतर पाहिले तर बार्शीटाकळीच्या उंबरठ्यावर. २०२२ पासून तर साऱ्या देशात नियम झाला आहे की, एम.बी.बी.एस.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून खेड्यातील काही कुटुंबे दत्तक घ्यावीत आणि पुढील वर्षांत त्यांच्याकडे जात राहावे. म्हणजे शाळा डोंगरात नेण्याचा जो मार्ग बेथ्यून-कोटणीसांनी नाइलाजाने काढला, तो आपल्याकडे आता कागदावर तरी आलेला आहे.

परंतु कोटणीसांच्या शाळेत आणि यात एक भेद आहे. तेथे शिक्षक विद्यार्थ्यांबरोबर होता, आणि खेड्यात जे दुखणे होते तेच शिकवण्याचा विषय होते. आपल्या पराटीच्या प्रदेशाचे दुखणे काय आहे? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. साप चावतो, विंचू चावतो. बाळंतपणात रक्त जाते. उन्हाळ्यात ऊन लागते. ही प्रकरणे पाठ्यपुस्तकात दोनदोन पानांची असतात. आमचे म्हणणे असे की, वऱ्हाडात शिकणाऱ्या मुलाने ती आधी आणि कसून शिकावीत, आणि ती शिकवायला त्याच्या प्राध्यापकाने फवारणीच्या दिवसांत बांधावर यावे. फवारणी करणाऱ्याला तोंडाला काय बांधता, पंप कोठे धुता, डबा घरात कोठे ठेवता, हे त्या बांधावरच विचारता येते.

भाषेचेही तसेच. मध्य प्रदेश सरकारने २०२२ मध्ये वैद्यकाची पहिल्या वर्षाची पुस्तके हिंदीत काढली. त्यावर पुष्कळ चेष्टा झाली. शब्द तेच इंग्रजी, नुसती लिपी देवनागरी, असे हसणारे म्हणाले. आम्हांला यात हसण्यासारखे काही दिसत नाही. अवयवांची नावे कोणत्या भाषेतली आहेत, यावर काही अडत नाही. कोटणीसांच्या विद्यार्थ्यांनाही पुष्कळ शब्द नवेच होते. समजावणारे वाक्य कोणत्या भाषेत आहे, यावर सारे अडते. खेड्यातली बाई डॉक्टरला सांगते की पोटात मुरडा येतो, अंगात कणकण आहे, जीव घाबरा होतो. या तीन शब्दप्रयोगांत तीन निरनिराळी दुखणी असू शकतात. ज्याने सारे शिक्षण दुसऱ्या भाषेत घेतले आणि रोग्याची भाषा फक्त कामापुरती शिकली, तो हे तिन्ही एकाच गोळीत बसवतो. मराठी माणूस तिशीत चिनी शिकून चिनी शेतकऱ्यांच्या मुलांना शल्यशास्त्र शिकवू शकला. मराठीतून मराठी मुलांना ते शिकवणे त्याहून कठीण असेल, हे पटत नाही.

दत्तक कुटुंबांच्या योजनेत जी मुलेमुली आपल्या भागातल्या खेड्यांत येतात, त्यांच्याविषयी एक विनंती करून आम्ही थांबतो. त्यांना उभ्याउभ्या वही भरून परत पाठवू नका. ओसरीवर बसवा, चहा द्या आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या पद्धतीने सगळे दुखणे सांगू द्या. वेळ लागला तरी. आणि त्यांना विचारा की, तुमचे सर पुढच्या खेपेला कधी येणार. पुढच्या खेपेला सर आले नाहीत तर ग्रामसभेत तो विषय घ्या, ठराव करा, आणि त्याची प्रत महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांकडे पाठवा. पावसाळा उघडला की फवारणी सुरू होईल. तोवर दोन महिने आहेत.